टोकावरची जागा

"ती लाट माझी होती की नव्हती, एवढंच सांगा दाजी."

दाजी रेवंडकरांनी वर पाहिलं नाही. मांडीवर फळी आडवी घेऊन ते तिच्यावरचं जुनं मेण करवंटीने खरवडत होते.

"होती."

"म्हणजे चूक दिगूची."

"हां. चूक दिगूची."

कौस्तुभ पराडकरचा चेहरा उजळला. चार दिवस तो हेच ऐकायला टपून बसला होता.

करवंटी खरखरत राहिली...

"मग तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?"

"बोलतंय मरे."

आता ही माणसं कोण, ते सांगायला हवं.

देऊळखडपच्या किनाऱ्यावर लाटांची शाळा आहे. शाळा म्हणजे सुरूच्या झाडांखाली झापांची एक शेड, अठरा फळ्या आणि दाजी. दाजी पूर्वी होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी एक पाहुणा लाटेवर उभं राहायची फळी त्यांच्याकडे ठेवून गेला, तो परत आलाच नाही. दाजी पडत-झडत, नाकातोंडात पाणी जात, आपले आपणच शिकले. मग गावातल्या पोरापोरींना शिकवलं. पुढे त्याला सर्फिंग म्हणतात हे गावाला कळलं, आणि मग ते पुण्या-मुंबईलाही कळलं. आता शनिवार-रविवारी लाट जिथे फुटते त्या पाण्यातल्या एवढ्याशा कातळापाशी तीस-तीस फळ्या दाटीवाटीने तरंगतात. लाटा मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच येतात.

दाजींचे गुडघे गेले होते. तुळशीचं लग्न झालं की शाळा कोणाच्या तरी हाती द्यायची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. कोणाच्या, ते सांगितलं नव्हतं.

सांगायची गरजच काय, असं कौस्तुभला वाटे. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षं तो याच आशेवर गावी येऊन राहिला होता. लाटेवर त्याच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. हे तो स्वतः सांगायचा, आणि पंचाईत अशी की ते खरं होतं.

रविवारी घोटाळा झाला.

सगळीकडचे सर्फर पाळतात तो नियम साधा आहे. लाट जिथे पहिल्यांदा फुटते, त्या टोकाला जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी हात आवरायचे. रविवारी कौस्तुभ टोकावर होता. लाट त्याची होती. तो उभा राहून निघाला आणि पुढून दाजींच्याच शाळेतला, गावचा दिगू कुबल मध्येच घुसला. कौस्तुभची फळी थेट त्याच्यावर गेली. दिगूच्या फळीचं नाक फुटलं आणि हनुवटीला तीन टाके पडले.

"तुका फळी वळवता येय होती?" दाजींनी विचारलं.

"येत होती."

"मगे?"

"का वळवू? लाट माझी होती."

"होती, होती." दाजींनी करवंटीतलं मेण बोटाने काढलं. "त्या दिवशी दिगून किती लाटा घेतल्यान?"

"मी काय त्याच्या लाटा मोजत बसलो होतो?"

"तुझ्या किती?"

"अकरा."

...

कौस्तुभच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पण अकराही नियमाने घेतल्या दाजी! एक लाट झाली की मी वल्हवत पुन्हा टोकावर जायचो. टोकाला सगळ्यात जवळ मीच असायचो. कुठला नियम मोडला, सांगा."

"एक पण नाय."

"बाकीचे तिथपर्यंत वल्हवत नाहीत, त्याला मी काय करू?"

"काय करतलंस..." दाजींनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

कौस्तुभने शेडच्या कडेला उभा केलेला पत्र्याचा फलक पुढे आणला. त्यावर निळ्या रंगात, सुबक अक्षरांत नऊ नियम लिहिले होते. टोकावरच्याचा पहिला हक्क. मध्ये घुसायचं नाही. वल्हवत परत जाताना कोणाच्या वाटेत यायचं नाही. फळी हातातून सोडायची नाही... असं शेवटपर्यंत.

"हा किनाऱ्यावर लावू. म्हणजे पुन्हा वाद नको. शाळा पुढे चालवायची तर काहीतरी शिस्त हवीच."

दाजींनी चष्मा लावला. नऊच्या नऊ नियम ओठ हलवत वाचले.

"अक्षर बरा हा तुझा."

"आणि नियम?"

"नियमात काय चूक नाय." त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "चल, रापण लागली हा. हात लावूया."

"आता? आपण महत्त्वाचं बोलतोय दाजी."

"मासळी थांबूची नाय."

कौस्तुभच्या कपाळावर आठी पडली. तरी तो गेला. गुरू शाळा देणार असला तर शिष्य रापणीलाही जातो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन ठिकाणी किनाऱ्यावर आणतात. मग अख्खी वाडी दोराला लागते. बाया, बाप्ये, शाळामास्तर, सुट्टीवर आलेला पोलीस, ज्याला हात आहेत तो.

कौस्तुभ धावत सगळ्यांच्या पुढे गेला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने दोर धरला. खरा जोर तिथेच लागतो, असं त्याचं गणित. पाय वाळूत रोवले. हातावर हात टाकत तो ओढू लागला. दंड चांगले कमावलेले होते. दोर येऊ लागला आणि त्याला बरं वाटलं.

मागून हाक आली.

"मेल्या, खांब झालंस काय? मागे सर!"

आवडाकाकी. वय पासष्ट, कासोटा घातलेला, आवाज पलीकडच्या बंदरापर्यंत पोचेल असा.

"काकी, मी ओढतोय!"

"तूच ओढतंस! आमी काय हंय भजन करूक इलंव?"

कौस्तुभने वळून पाहिलं. त्याच्या मागे दोर सैल पडला होता. वीस माणसं हातात नुसती वेटोळी घेऊन उभी होती. सगळं जाळं एकट्या त्याच्या तळहातांवर आलं होतं आणि म्हणूनच ते आता जागचं हलत नव्हतं.

रापणीची रीत अशी. दोर धरायचा आणि उलट पावलांनी किनारा चढत जायचं. वर सुरूच्या झाडाशी पोचलं की हात सोडायचे, उतरून पाण्याशी यायचं आणि सगळ्यांच्या पुढे पुन्हा दोर धरायचा. रांग अशी फिरत राहते, तेव्हा जाळं सरकतं. कौस्तुभ याच गावात जन्मला होता. त्याने हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. फक्त पाहिलेलं.

त्याने दाजींकडे नजर टाकली. दाजी चार माणसं मागे होते, दोर हातात धरून समुद्राकडे बघत. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

कौस्तुभ एक पाऊल मागे सरला. मग दुसरं. दोर पुन्हा ताठ झाला. रांग हलली.

मागे मागे चालत तो झाडापाशी पोचला. तिथे त्याची बोटं उघडेनात.

"सोड," मागोमाग आलेले दाजी म्हणाले.

"सोडला तर जाळं मागे जाईल."

"बघ सोडून."

त्याने दोर सोडला.

दोर आपला तसाच वर येत राहिला. हाताहातांतून, सावकाश, त्याच्यावाचून. कौस्तुभ बघत राहिला. खरं सांगायचं तर हे त्याला फार झोंबलं. तळहातांवर उठलेल्या फोडांपेक्षा जास्त.

"उभो कित्याक?" आवडाकाकी शेजारून उतरत म्हणाल्या. "चल, पुढे धर."

तो खाली उतरला. पुढे दोर धरला. मागे चालला, सोडला, पुन्हा उतरला. चौथ्या-पाचव्या फेरीला आपण रांगेत कितवे आहोत हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही. कोणीतरी देवापुढे गाऱ्हाणं घातल्यासारखा आवाज लावला आणि सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं, त्यात तोही ओरडला.

तासाभराने जाळं वाळूवर आलं. पेडवे, तारली, थोडे बांगडे. आवडाकाकी ओंजळी भरून भरून पिशव्यांत टाकू लागल्या. दाजींच्या पिशवीत जेवढं गेलं, मास्तरांच्या पिशवीत जेवढं गेलं, तेवढंच कौस्तुभच्या पिशवीत पडलं.

त्याने तळहात पुढे केले. फोड दाखवले. अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती.

"फोड तुझे तुका," काकी म्हणाल्या. "मासळी सगळ्यांका."

दोघं पिशव्या घेऊन शेडकडे परत निघाले. मग कौस्तुभ थांबला.

"समजलं, दाजी."

"इतक्या बेगीन?" दाजी म्हणाले, आणि चालत राहिले.

शनिवारी पाणी माणसांनी भरलं होतं. लाटाही चांगल्या होत्या, खांद्याएवढ्या, एकामागून एक. दिगू त्याच सकाळी टाके काढून आला होता. फळीच्या फुटलेल्या नाकावर त्याने चिकटपट्टीचे चार वेढे मारले होते. कौस्तुभकडे न बघता तो पाण्यात शिरला.

कौस्तुभ टोकावर जाऊन बसला. नेहमीच्याच जागी.

पहिली लाट आली. त्याने हात वर केला. "घ्या, तुम्ही घ्या!"

दुसरी आली. "घ्या, घ्या!"

तिसरी. चौथी. दर लाटेला तो हात करायचा आणि मान वळवून दाजींकडे बघायचा. दाजी आतल्या बाजूला, किनाऱ्याजवळ, फळीवर पालथे पडून ऊन खात होते.

आता गंमत अशी की टोकावर माणूस बसलेला दिसला की बाकीचे थांबतात. लाट त्याची असते. तो सोडतोय हे कळून दुसऱ्याने हात मारेपर्यंत लाट निघून जाते. एकामागून एक देखण्या लाटा रिकाम्याच किनाऱ्याला लागल्या.

"हा काय ट्रॅफिक पोलीस आहे का?" मुंबईच्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं.

सहाव्या लाटेनंतर दिगू वल्हवत आला. हनुवटीवरची जखम अजून लाल होती.

"लाट नको तर बाजूक हो. वाटेत कित्याक बसलंस?"

"अरे, तुझ्यासाठीच सोडतोय!"

"माका नको तुझी. माझी माका गावतली. तू आधी थयसून उठ!"

कौस्तुभचा चेहरा पडला. इतकं केलं त्याची ही किंमत! त्याने मदतीसाठी दाजींकडे पाहिलं. दाजी हळूहळू हात मारत त्याच्याजवळ आले.

"बघितलंत ना दाजी? मी एकही घेतली नाही. एकही!"

"बघतंय मरे." दाजींनी डोळ्यांतलं खारं पाणी पुसलं. "कोणाक दाखवतंस?"

...

कौस्तुभने रविवारी अकरा मोजल्या होत्या. आज सोडलेल्याही तो मोजतच होता. सहा. हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याला भयंकर लाज वाटली.

तो फळीवर आडवा झाला आणि टोक सोडून, सगळ्यांच्या पाठीमागून लांबचा वळसा घेत पार दुसऱ्या कडेला गेला. तिथे शेवटचा बसला. टोक मोकळं झालं तसे बाकीचे एकेक करून पुढे सरकू लागले, लाट घेतली की वळसा घालून मागे येऊ लागले.

बसून बघायला लागलं की बरंच दिसतं. मुंबईचे ते गृहस्थ उभं राहताना दर वेळी डोळे मिटत होते. गोव्याची एक मुलगी उजव्या हाताने कमी जोर लावत होती. खांदा दुखत असणार. दोन वर्षं तो या पाण्यात रोज होता आणि यातलं काही त्याला दिसलं नव्हतं.

मग दिगूची पाळी आली.

लाट बरी होती. दिगूने तीन हात मारले, उठला, थोडा डगमगला आणि चिकटपट्टीचं ते नाक पाण्याबाहेर ठेवत सरळ निघाला. कातळ ओलांडला, वळला, पुन्हा वळला...

"हाण दिग्या! हाण!"

कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. कौस्तुभनेही पाहिलं. मग लक्षात आलं की तो स्वतःच होता.

दिगू परत आला तो त्याच्या शेजारी येऊन थांबला. धापा टाकत होता.

"बरी होती," दिगू म्हणाला.

"बरी? मस्त होती."

पाणी वरखाली होत राहिलं.

"दिगू... त्या दिवशी मला फळी वळवता आली असती."

"माका ठावक हा."

"मी वळवली नाही."

"ता पण ठावक हा." दिगूने हनुवटी चाचपली. "मी पण मदीच घुसलंय. तीन तास बसान बसान कंटाळलंय रे."

"माहीत आहे," कौस्तुभ म्हणाला. हे त्याला खरं तर आताच माहीत झालं होतं.

रांग पुढे सरकत गेली. एकेकाने आपली लाट घेतली, वळसा घालून मागे गेला. बोलता बोलता दोघं टोकाशी पोचले, आणि नेमकी तेव्हाच ती आली. दिवसातली सगळ्यात मोठी. लांबूनच काळी रेघ दिसत होती.

"दिगू, तू घे."

"नको, तू घे. तू सकाळधरना एक पण घेवक नाय."

"अरे घे ना!"

"तू घे रे!"

"शपथ आहे तुला, तू घे!"

"तुकाच शपथ!"

लाट दोघांच्या खालून निघून गेली. दोघंही फूटभर वर उचलले गेले आणि खाली आले.

मागून मोठी आरोळी ऐकू आली. त्यांनी वळून पाहिलं. आतल्या बाजूला, अडुसष्ट वर्षांचे दाजी फळीवर पोटावर पडून, हात पसरून, तोंड उघडं टाकून त्या लाटेवरून किनाऱ्याकडे सुसाट चालले होते. थेट वाळूपर्यंत गेले आणि आवडाकाकींनी वाळत घातलेल्या मासळीच्या अलीकडे थांबले. काकींनी त्यांना काय ऐकवलं ते इथपर्यंत कळलं नाही, पण ऐकवलं.

कौस्तुभ आणि दिगू फळ्यांवर आडवे पडून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. दोन वर्षांत कौस्तुभला पाण्यात हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा दाजी वाळूत बसून गुडघे चोळत होते. शाळेची पोरंपोरी भोवती जमली होती. दाजींनी दोघांना जवळ बोलावलं. गळ्यातला काळा गोफ काढला. गोफात शेडची चावी होती.

"तुळशीचा लग्न झाला," ते म्हणाले. "शाळा घेवा."

त्यांनी चावी तळहातावर ठेवून हात पुढे केला. कोणापुढे, ते नीट कळेना. दोघांच्या मधोमध होता तो हात.

कौस्तुभ त्या चावीकडे बघत राहिला. याच्यासाठी त्याने नोकरी सोडली होती. आईचे टोमणे ऐकले होते. दोन वर्षं रोज सकाळी उठून त्याने हीच चावी डोळ्यांसमोर आणली होती.

"दिगूला द्या, दाजी."

हे त्याने मनापासून म्हटलं. कोणाला दाखवायला नाही. त्याने दाजींकडे पाहिलंही नव्हतं.

दिगू दोन पावलं मागे सरला. "माका? खुळो झालंस काय? तुझ्यासारख्या येता कोणाक हंय? आज बसल्या बसल्या त्या गोव्याच्या पोरीचो खांदो बघलंस, माका सांगलंस. आमका कोणाक दिसलो? तू घे."

"नाय रे, तू घे." पुण्याची भाषा कधी गळून पडली, हे कौस्तुभच्या लक्षातच आलं नाही.

"तू घे म्हणतंय मा!"

"तूच घे, दिग्या!"

दाजींचा हात तसाच पुढे होता. त्यांनी आळीपाळीने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं... मग आपल्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"मगे," दाजी म्हणाले, "ही पण मीच घेवची?"